पोटातील वस्ती आणि लठ्ठपणा

(संस्थेच्या वतीने राजापेठ येथे घेण्यात आलेल्या आरोग्य प्रबोधन कार्यक्रमातील व्याख्यान)



लठ्ठपणावर दोन शब्द बोलावेत, अशी मला सूचना झाली. विषय जाहीर झाला तेव्हा समोरच्या रांगेत काहींनी पोट आत घेतले आणि मागे काही भगिनींनी पदर सावरला, हे माझ्या नजरेतून सुटले नाही. काळजी करू नका. आज मी कुणालाही उभे करून वजन विचारणार नाही. उलट, वजन विचारून माणसाला खाली पाहायला लावण्याची आपली जी सवय आहे, तिच्याबद्दलच मला बोलायचे आहे.

प्रथम हे सांगतो, की मी डॉक्टर नाही. माझी सारी नोकरी तपासणी प्रयोगशाळेत गेली. रक्त, लघवी, थुंकी आणि शौच तपासण्याचे काम. शौचाचा कणभर नमुना काचपट्टीवर घ्यायचा, सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा आणि अमिबा आहे का, जंतांची अंडी आहेत का, एवढे पाहायचे. सापडले तर तसे लिहायचे. नाही सापडले तर 'काही आढळले नाही' असे लिहून सही करायची. असे हजारो कागद मी सही केले असतील. निवृत्तीनंतर वाचन वाढले तेव्हा लक्षात आले, की ज्या कणात मला काही आढळत नव्हते, त्यात कोट्यवधी जीव नांदत होते. मी फक्त चोर शोधत होतो. गावात राहणारे साधे, कष्टकरी लोक मला दिसतच नव्हते.

या विषयाकडे मी वळलो तो माझ्या थोरल्या बहिणीमुळे. तिला आम्ही घरात बाई म्हणतो. लग्नात ती काडीसारखी होती. पस्तिशीनंतर अंग सुटले ते सुटलेच. घरात सर्वांचे झाल्यावर ती जेवायची, उरलेसुरले खायची. तरी लोक म्हणायचे, हिच्या हाती स्वयंपाकघर आहे, लपून खात असेल. एकदा तिला एका दवाखान्यात घेऊन गेलो. डॉक्टरांनी वर न पाहता सांगितले, "जीभ आवरा." बाहेर आल्यावर बाई पायरीवर बसली आणि म्हणाली, "बाप्पा, पाणी पेलं तरी अंगाले लागते मले, त्याले मी काय करू?" मीही हसलो होतो त्या वेळी. त्या हसण्याची मला आज लाज वाटते. कारण बाईच्या त्या वाक्यात अर्धे शास्त्र होते.

जास्त खाल्ले आणि कमी हालचाल केली तर चरबी साठते, हे खरेच आहे. ते कुणी खोटे ठरवलेले नाही. परंतु दोन माणसे एकाच ताटातले तेवढेच जेवतात आणि एकाचे पोट सुटते, दुसऱ्याचे सुटत नाही, असे का? अनुवंश, झोप, काळजी, काही औषधे, थायरॉइडसारखे विकार अशी त्याची अनेक कारणे आहेत. या यादीत गेल्या काही वर्षांत एका नव्या कारणाची भर पडली. ते म्हणजे आपल्या आतड्यांत राहणारे जिवाणू.

या वस्तीचा आकार किती? इस्रायलमधील शास्त्रज्ञांनी २०१६ साली काळजीपूर्वक हिशेब मांडला. मध्यम बांध्याच्या माणसाच्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू असतात. माणसाच्या स्वतःच्या पेशी सुमारे ३० लाख कोटी. म्हणजे संख्येने ते आपल्यापेक्षा थोडे अधिकच. पण ते इतके लहान, की सर्वांचे मिळून वजन भरते जेमतेम पाव शेराच्या आसपास. यांतील बहुतेक राहतात मोठ्या आतड्यात, म्हणजे पोटातल्या शेवटच्या सुमारे पाच फुटांच्या नळीत.

तेथे त्यांचे काम काय? आपण खाल्लेल्या अन्नातील पिष्ट, साखर, प्रथिने आणि तेल यांचा बराचसा भाग लहान आतड्यातच पचतो. धान्याचा कोंडा, डाळीचे साल, भाजीचे तंतू, म्हणजे ज्याला आपण चोथा म्हणतो, तो आपल्या पाचकरसांना दाद देत नाही. तो तसाच पुढे सरकतो. तेथे हवा नसते. आंबिलीसाठी भिजवलेले पीठ जसे रात्रभरात आंबते, तसे हे जिवाणू त्या चोथ्याला आंबवतात. त्यातून ॲसिटेट, प्रोपिओनेट आणि ब्युटिरेट नावाची लहान आम्ले तयार होतात. ब्युटिरेट हे तर मोठ्या आतड्याच्या अस्तराचे मुख्य अन्न. काही आम्ले रक्तातून यकृताकडे जातात. पोट भरले असा निरोप मेंदूला देणारी जी संप्रेरके आतडे सोडते, त्यांनाही ही आम्ले चालना देतात. आज वजन कमी करण्याच्या ज्या महागड्या इंजेक्शनांची चर्चा आहे, तीही आतड्याच्या अशाच एका संप्रेरकाची नक्कल करतात. ती डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय कुणी घेऊ नयेत, हे जाता जाता सांगतो.

आता लठ्ठपणाशी याचा संबंध कसा लागला ते पाहू. अमेरिकेत सेंट लुईस येथे डॉ. जेफ्री गॉर्डन यांच्या प्रयोगशाळेत जन्मापासून पूर्ण निर्जंतुक वातावरणात वाढवलेले उंदीर होते. त्यांच्या पोटात एकही जिवाणू नव्हता. ते भरपूर खात, तरी सडसडीत राहत. २००४ साली त्यांना साध्या उंदरांच्या आतड्यातील जिवाणू देण्यात आले. दोन आठवड्यांत त्यांच्या अंगावरची चरबी सुमारे ६० टक्क्यांनी वाढली, आणि तीही पूर्वीपेक्षा कमी खाऊन! २००६ साली पुढचा प्रयोग झाला. लठ्ठ उंदरांचे जिवाणू ज्यांना दिले, ते सडपातळ उंदरांचे जिवाणू मिळालेल्यांपेक्षा जास्त फुगले. २०१३ साली तर माणसांच्या जुळ्या बहिणी घेतल्या, एक लठ्ठ आणि एक सडपातळ. दोघींचे जिवाणू वेगवेगळ्या उंदरांना दिले. लठ्ठ बहिणीचे ज्यांना मिळाले ते लठ्ठ झाले.

याच प्रयोगात आणखी एक गोष्ट निघाली आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. दोन्ही प्रकारचे उंदीर एका पिंजऱ्यात ठेवले, तेव्हा सडपातळांचे जिवाणू दुसऱ्यांच्या पोटात शिरले आणि त्यांचे लठ्ठ होणे थांबले. मात्र हे घडले ते खाणे कमी चरबीचे आणि भरपूर चोथ्याचे असताना. खाणे तेलकट आणि चोथा नसलेले दिले, तेव्हा चांगल्या जिवाणूंना तेथे बस्तान बसवता आले नाही. पाहुणा चांगला असून भागत नाही. त्याला घरात भाकरही मिळाली पाहिजे.

हे सारे साता समुद्रापलीकडचे झाले. आपल्याकडे काय? पुण्याला विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे. तेथे डॉ. योगेश शौचे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय माणसाच्या आतड्यातील जिवाणूंचा अभ्यास वर्षानुवर्षे केला. त्यांचे एक काम मला फार भावले. एकाच छपराखाली तीन पिढ्या नांदणारी दोन एकत्र कुटुंबे त्यांनी निवडली आणि आजोबापासून नातवापर्यंत वयाप्रमाणे ही वस्ती कशी बदलते ते पाहिले. एकत्र कुटुंबाचा असा शास्त्रीय उपयोग आपल्या देशातच सुचू शकतो.

याच केंद्राच्या शास्त्रज्ञांनी २०१२ साली लठ्ठपणाबद्दलचा अभ्यास प्रसिद्ध केला. बारीक, मध्यम, लठ्ठ आणि वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झालेले, अशा चार गटांतील भारतीय व्यक्तींचे नमुने त्यांनी तपासले. अमेरिकेतील संशोधनात बॅक्टेरॉइडेटीस या मोठ्या कुळातील जिवाणू लठ्ठ माणसांत कमी दिसले होते. पुण्याच्या अभ्यासात त्याच कुळातील बॅक्टेरॉइड्स लठ्ठ व्यक्तींत जास्त दिसले! मिथेन वायू तयार करणारे सूक्ष्मजीवही लठ्ठांत अधिक होते. शस्त्रक्रिया झालेल्यांत दोन्ही कमी झाले होते.

म्हणजे कोण खरे? दोन्ही. तपासलेल्या व्यक्ती थोड्या होत्या, हे लक्षात ठेवले पाहिजे. दुसरे असे, की माणसाचे अन्न वेगळे, तसे त्याचे जिवाणू वेगळे. पुढे २०१६ साली शौचे यांच्याच गटाने दाखवले, की भारतीयांच्या आतड्यांत प्रीव्होटेला नावाचे जिवाणू विशेष भरभराटीला आलेले असतात. धान्य, डाळी, भाजीपाला अशा वनस्पतिजन्य आहारावर ते पोसले जातात. म्हणून परदेशी पुस्तकातला 'चांगला जिवाणू' आणि 'वाईट जिवाणू' आपल्याला जसाच्या तसा लागू पडत नाही. कुणी डबा दाखवून "यात सडपातळ करणारे जिवाणू आहेत" असे म्हणाला, तर त्याला एवढेच विचारावे, की कुणाच्या पोटातले? आमच्या बाईने अशाच एका चूर्णाच्या डब्यांवर हप्त्याने पैसे घातले. वजन तसेच राहिले, हप्ते मात्र फिटता फिटेनात.

लठ्ठपणा केवळ खादाडपणातून येत नाही, ही शंका आपल्या मुंबईतही फार पूर्वी एका तरुण डॉक्टरला आली होती. १९८० च्या दशकात तेथे कोंबड्यांत विषाणूची साथ आली. परळच्या पशुवैद्यक महाविद्यालयातील डॉ. शरद अजिंक्य यांनी पाहिले, की मेलेल्या कोंबड्या रोडावलेल्या नव्हत्या, त्यांच्या पोटात चरबी साठली होती. लठ्ठपणावर उपचार करणारे डॉ. निखिल धुरंधर यांच्याशी बोलताना हे निघाले. धुरंधरांनी त्याचा पिच्छा पुरवला. १९९७ साली त्यांनी प्रसिद्ध केले, की तपासलेल्या ५२ लठ्ठ व्यक्तींपैकी १० जणांच्या रक्तात त्या विषाणूच्या खुणा सापडल्या, आणि हे दहा जण इतरांपेक्षा वजनाने अधिक होते. विषाणूने माणूस लठ्ठ होतो हे यावरून सिद्ध होत नाही. विषाणू वेगळा आणि जिवाणू वेगळा, हेही खरे. पण लठ्ठ माणसाला गुन्हेगार न समजता त्याचे कारण शोधावे, ही दृष्टी आपल्या मातीत होती, याचा मला अभिमान वाटतो.

आता आपल्या घराकडे येतो. तुम्ही म्हणाल, आमच्यात कुठे कोण लठ्ठ आहे? पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतील मातांचा आणि बाळांचा अभ्यास चालवला. तेथील नवजात बाळाचे सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधील बाळाचे ३.५ किलो. आपले बाळ सर्व बाजूंनी लहान. पण त्याच्या पाठीवरची चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी नव्हती. हातपाय बारीक आणि चरबी जपलेली, असा आपला बांधा. म्हणून भारतीय माणसासाठी धोक्याची रेषा अलीकडे ओढली आहे. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटर, म्हणजे साडेपस्तीस इंचांच्या आत आणि स्त्रीची ८० सेंटिमीटर, म्हणजे साडेएकतीस इंचांच्या आत असावी. काट्यावर वजन बेताचे दिसले तरी घरी टेप घेऊन बेंबीजवळ मोजा. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील सुमारे २४ टक्के स्त्रिया आणि २३ टक्के पुरुष जादा वजनाचे आढळले. हा आता केवळ श्रीमंतांचा रोग राहिलेला नाही.

येथे मला माझी एक चूक कबूल केली पाहिजे. लहानपणी माझ्या डब्यात ज्वारीची भाकर आणि ठेचा असे. शाळेत मी डब्याचे झाकण आडवे धरून जेवत असे, कुणाला दिसू नये म्हणून. तेव्हा भाकर ही गरिबीची खूण होती, पोळी ही सुस्थितीची. नोकरी लागल्यावर मी मनाशी ठरवले, की माझ्या मुलाला झाकण आडवे धरावे लागणार नाही. पगाराच्या दिवशी बिस्किटांचे पुडे, पाव, जॅम, गोड पेये घरात येऊ लागली. तो पुडा माझ्या दृष्टीने आमच्या प्रगतीचा पुरावा होता. आज मुलगा चाळिशीच्या आत आहे, आणि साखरेची गोळी घेतो. अनुवंश असेल, बैठे काम असेल. मी सारा दोष पुड्याला देत नाही. पण ज्या पोटाला मी उपाशी राहू नये म्हणून जपले, त्या पोटातली वस्ती मी उपाशी ठेवली, हे मला फार उशिरा कळले.

आकडे पाहा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या तक्त्यांनुसार १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम चोथा असतो. गव्हाच्या कणकेतही सुमारे ११ ग्रॅम असतो, म्हणून पोळीला नावे ठेवण्याचे कारण नाही. हरभरा डाळीत तो सुमारे १५ ग्रॅम. पण मैद्यात आणि पॉलिश केलेल्या पांढऱ्या तांदळात तीन ग्रॅमसुद्धा नसतो. म्हणजे भाकरीवरून किंवा पोळीवरून पाव-बिस्किटांवर आलो, की जिवाणूंचे रेशन एकदम पावपट झाले. रेशन बंद झाले की वस्ती काय करते? उंदरांवरील प्रयोगांत दिसले, की चोथा न मिळालेले काही जिवाणू आतड्याच्या आतल्या बुळबुळीत संरक्षक थरावरच चरू लागतात. तो थर पातळ झाला की जिवाणूंचे अंश रक्तात झिरपण्याची शक्यता वाढते. शरीरात बारीकशी दाहक्रिया धुमसत राहते आणि इन्सुलिन नीट काम करीनासे होते. माणसांत हे सर्व टप्पे पूर्ण सिद्ध झालेले नाहीत, पण दिशा तीच दिसते.

दुसरी गोष्ट प्रतिजैविकांची. सर्दी झाली की दुकानातून दोन कॅप्सूल आणायच्या, बरे वाटले की उरलेल्या डब्यात ठेवायच्या, हे आपल्याकडे सर्रास चालते. बहुतेक सर्दी विषाणूची असते. तिला प्रतिजैविक लागतच नाही. पण पोटातील वस्तीवर मात्र ते पुरासारखे कोसळते. पशुखाद्यात थोडे थोडे प्रतिजैविक घातले की जनावर लवकर भरते, हे १९५० च्या सुमारापासून जगाला ठाऊक आहे. आपल्या सरकारने २०१९ साली कोलिस्टिन हे औषध कोंबड्या आणि इतर खाद्यपशूंसाठी बंद केले, ते मुख्यतः औषधाला न जुमानणारे जंतू वाढू नयेत म्हणून. न्यूयॉर्कच्या डॉ. मार्टिन ब्लेझर यांच्या गटाने २०१२ साली दाखवले, की लहान उंदरांना अल्प मात्रेत प्रतिजैविके दिली तर त्यांच्यात चरबी वाढते. डॉक्टरांनी दिलेले औषध जरूर घ्या आणि पूर्ण घ्या. आपल्या मनाने घेऊ नका, विशेषतः लहान बाळांना देऊ नका.

आपला जिल्हा मेळघाटच्या कुपोषणासाठी ओळखला जातो, म्हणून आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. लठ्ठ उंदरांवर काम करणाऱ्या त्याच डॉ. गॉर्डन यांनी ढाक्याच्या डॉक्टरांबरोबर कुपोषित बाळांच्या जिवाणूंचा अभ्यास केला. त्या बाळांची पोटातली वस्तीच अपुरी वाढलेली होती. ती वाढावी म्हणून त्यांनी एक आहार बनवला. त्यात काय होते? हरभऱ्याचे पीठ, सोयाबीनचे पीठ, शेंगदाण्याचे पीठ आणि कच्ची केळी. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, नेहमीच्या पूरक आहारापेक्षा उष्मांक कमी असूनही या आहारावरच्या बाळांची वाढ अधिक चांगली झाली. हरभरा आणि सोयाबीन तर आपल्या वऱ्हाडच्या शिवारात उभे असते! हा आहार कुणी घरी औषध म्हणून करू नये, त्याचे प्रमाण ठरलेले आहे. पण उपासमार आणि लठ्ठपणा ही दोन टोके एकाच वस्तीच्या बिघाडाशी जोडलेली असावीत, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

मग करायचे काय? माणसांना दुसऱ्याचे जिवाणू देऊन वजन उतरवण्याचे प्रयोग झाले, पण वजनात मोठा फरक दिसला नाही. तेव्हा जादू शोधू नका. एक वेळ तरी भाकर ठेवा. वरण, उसळ, अंबाडी, मेथी, चवळीची भाजी रोज हवी. ती एकदम वाढवू नका, नाहीतर पोट फुगेल. महिनाभरात हळूहळू वाढवा. ताक प्या, गोड पेये सोडा. जेवण झाल्यावर शतपावली करा. साखरेचा, मूत्रपिंडाचा किंवा आतड्याचा आजार असेल त्यांनी डॉक्टरांना विचारून बदल करावा. आणि सर्वांत महत्त्वाचे, कुणाला जाड्या, जाडी म्हणू नका. लाजेने कुणाचे वजन उतरलेले मी पाहिले नाही. लाजेने माणसे दवाखान्यात येणे मात्र बंद करतात.

संयुत्त निकायात दोणपाक सुत्त आहे. कोसलचा राजा प्रसेनजित द्रोणभर भात खाऊन धापा टाकीत भगवान बुद्धांकडे आला. तथागतांनी त्याची थट्टा केली नाही की त्याला हाकलले नाही. जेवणात मात्रा ओळखावी, एवढेच गाथेतून सांगितले. राजाने सुदस्सन नावाच्या तरुणाला ती गाथा पाठ करून रोज जेवताना म्हणायला लावले आणि हळूहळू त्याचा आहार नाळीभर भातावर आला. राजालासुद्धा एकट्याने जमले नाही. ताटाशेजारी प्रेमाने आठवण करून देणारा माणूस लागला. आपल्या प्रत्येक घरात असा एक सुदस्सन असावा, टोमणे मारणारा नसावा.

आमची बाई आता पंचाहत्तरीची आहे. वजन थोडे उतरले, फार नाही. साखर मात्र आटोक्यात आहे. मागच्या महिन्यात मी तिच्याकडे गेलो तेव्हा तिने ताटात भाकर वाढली. मी तिला हे सारे जिवाणूंचे पुराण सांगितले, आणि त्या दिवशी दवाखान्याबाहेर हसलो होतो त्याबद्दल माफी मागितली. ती म्हणाली, "एवढी वर्सं लागली तुले? जेव आता."